अंगणवाडीच्या अंगणात गट्टू कशाला?

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात अंगणवाडीसाठी पैसे निघाले की विदर्भातल्या कितीतरी गावांत तीच ती कामं होतात. भिंतीवर कार्टून, फाटकाला नवा रंग आणि अंगणात गट्टू, म्हणजे काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक. गट्टू बसवले की अंगण एकदम साहेबी दिसतं. चिखल होत नाही, झाडायला सोपं जातं, १५ ऑगस्टला झेंड्यासमोर पाहुण्यांच्या खुर्च्या डुगडुगत नाहीत. शिवाय हिशेब सरळ: इतके चौरस मीटर, इतका दर, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल मंजूर. लेकरानं दिवसात किती उड्या माराव्यात याला त्या पुस्तिकेत रकाना नाही, म्हणून ग्रामसभेत तो विषय निघत नाही.

तो निघायला हवा. अंगणवाडी हे नावच अंगणावरून आलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात घराघरांच्या अंगणात मुलं गोळा करून बालशिक्षण सुरू केलं, त्यातून हा शब्द रुळला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. म्हणजे ही योजना विदर्भाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पन्नास वर्षांत आहार, लस, वजनकाटा यांची घडी बरीच बसली. अंगण मात्र उरलेली जागा म्हणूनच राहिलं.

आधी गट्टूचं बघू. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खाली मुरमाचा नीट दाबलेला थर नसेल तर दोन पावसाळ्यांत गट्टू वरखाली होतात आणि त्यांच्या कडा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर येतात. मोठ्या माणसाला ते जाणवतही नाही. तीन-चार वर्षांचं मूल धावताना पाऊल फारसं उचलत नाही, त्याचा अंगठा नेमका त्या कडेत अडकतो. पडलं तर खाली काँक्रीट. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड असतं, त्यामुळे हात टेकवायच्या आधी कपाळ टेकतं. मार्च उलटला की दहा वाजताच गट्टू असे तापतात की अनवाणी पाय ठेववत नाही. आणि बसवताना आड येतो म्हणून कडेचा कडुनिंब तोडला असेल तर विचारूच नका.

यावर हमखास येणारं उत्तर असं: ‘गावातले पोट्टे तं दिवसभर उंडारतच राह्यतेत, त्याईले अजून काय खेळवाचं?’ हे एकेकाळी खरं होतं. आता त्यातलं किती उरलंय ते तपासायला हवं. गावातला रस्ता सिमेंटचा झाला आणि त्यावरून मोटारसायकली सुसाट जाऊ लागल्या, तेव्हापासून आई लहानग्याला दाराबाहेर सोडत नाही. घरकुल बांधताना घरामागची सांदवाडी गेली. फवारणीच्या दिवसांत वावरात लेकरू नेणं धोक्याचं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघ-बिबट्याच्या भीतीनं दिवेलागणीच्या आधीच दारं लागतात. घरात राहिलेल्या मुलाच्या हातात मग मोबाइल येतो, कारण आईला स्वयंपाक करायचा असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. उंडारणं आणि अंगात कसब येणं यांत फरक आहे. चालणं आणि धावणं बहुतेक मुलांना आपोआप येतं. झेलणं, नेम धरून फेकणं, एका पायावर लंगडणं, फळीवर तोल सांभाळणं यांना सराव लागतो आणि करून दाखवणारं कोणीतरी लागतं. पूर्वी ते काम थोरली भावंडं करायची. जमिनीवर घरं आखून लंगडत खेळायच्या बिल्लसच्या चौकोनात चार वर्षांची पोर दहा वर्षांच्या ताईच्या मागं उड्या मारायची, झाडावर चढायच्या डाबडुबलीत लिंबू-टिंबू म्हणून झाडाखाली उभी राहायची, आणि बघता बघता शिकायची. आता ताई सकाळी व्हॅननं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जाते, संध्याकाळी ट्यूशनला. लिंबू-टिंबूंचे गुरूच गावातून उठून गेले. ती जागा आता अंगणवाडीलाच भरून काढावी लागेल.

नेमकं काय शिकायचं असतं? साधारण दोन-अडीच वर्षांचं मूल दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारतं. तीन वर्षांचं एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकत जिना चढतं, एका पायावर दोन-तीन सेकंद उभं राहतं. उतरताना तसंच आळीपाळीनं पाऊल टाकायला चौथं वर्ष उजाडतं. चार वर्षांचं एका पायावर दोन-तीन उड्या घेतं, पाच वर्षांचं पाच-सात, आणि एका पायावर दहा सेकंदांच्या आसपास तोल धरतं. फेकण्यात वाढ तर डोळ्यांना दिसते. लहान मूल जागेवर उभं राहून नुसत्या हातानं फेकतं. थोडं मोठं झालं की एक पाऊल पुढे टाकतं, पण ज्या हातानं फेकतं त्याच बाजूचं. पुढे सरावानं उलट्या बाजूचा पाय पुढे येतो आणि कंबर वळते. हे शेवटचं कोणी दाखवलंच नाही तर मोठेपणीही पुष्कळांना येत नाही. गावच्या क्रिकेटमध्ये सीमारेषेवर असे दोन-चार जण उभे असतातच. हे टप्पे अंदाजाचे आहेत, दोन-चार महिने इकडंतिकडं चालायचंच. पण सेविकेच्या डोळ्यांसमोर ते असले की कोणतं मूल कुठं अडलं ते तिला खेळातच कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यांतली किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी असावी, आणि पडद्यासमोर एक तासापेक्षा जास्त वेळ जाऊ नये, असं त्यांत आहे. अंगणवाडीनं त्यातली ४० मिनिटं तरी खरी द्यावीत. ‘खरी’ म्हणायचं कारण असं की वेळापत्रकात ‘बाह्य खेळ’ लिहिलेला असतो, पण त्या वेळात मुलं करतात काय तर रांगेत उभी राहतात.

हिशेब करून बघा. वीस मुलं, एक घसरगुंडी. चढणं-घसरणं मिळून एकाला अर्धं मिनिट. म्हणजे पुन्हा नंबर यायला दहा मिनिटं. अर्ध्या तासात एका मुलाच्या वाट्याला तीन खेपा, एकूण दीड मिनिट हालचाल. उरलेली साडेअठ्ठावीस मिनिटं ढकलाढकली, चिमटे, रडारड. आणि सेविकेला वाटतं मुलं वात्रट आहेत. मुलं वात्रट नाहीत, रिकामी आहेत. पंचायतीनं हजारो रुपयांची लोखंडी घसरगुंडी आणून बसवली तरी हे गणित बदलत नाही. घसरगुंडीचं तोंड दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल तर मार्च ते जून ती तव्यासारखी तापते, आणि दोन-तीन वर्षांत नटबोल्ट गंजून पत्र्याची कड निघते ते वेगळंच.

याऐवजी त्याच वीस मुलांचे पाच-पाचांचे चार गट करा आणि अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार कामं मांडा. पाच मिनिटांनी डफली किंवा ताट वाजवायचं, की गट पुढच्या कोपऱ्यात. वीस मिनिटांत फेरी पूर्ण होते आणि पाचांच्या गटात वाट बघणं जवळजवळ नसतं. पहिले पंधरा दिवस गोंधळ होईल. मुलं आवडता कोपरा सोडणार नाहीत, दोघं-तिघं घराकडे पळतील. तेवढे दिवस दोनच कोपरे चालवावेत, एकावर सेविका, एकावर मदतनीस. मग तिसरा, मग चौथा.

कोपऱ्यांत काय असावं? एकात तोल. सुरुवात जमिनीवर टाकलेल्या जाड सोलापासून, म्हणजे दोरखंडापासून करावी. ओळ आखायची तर राख किंवा रांगोळी वापरावी; चुना नको, डोळ्यात गेला तर भाजतं. महिनाभरानं २० सेंटिमीटर रुंद आणि दोन-सव्वादोन मीटर लांब फळी आडव्या विटांवर ठेवावी. उंची दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, फळी दोन्ही टोकांना आणि मधेही टेकलेली हवी, नाहीतर मधोमध लचकते आणि घाबरलेलं मूल पुन्हा त्यावर पाय ठेवत नाही. हात धरायचा मोह इथं फार होतो. हात धरला की मूल स्वतःचा तोल आपल्या हातावर टाकतं आणि शिकायचं ते शिकत नाही. फार तर एक बोट पुढे करावं.

दुसऱ्या कोपऱ्यात उड्या. जमिनीवर दोन दोऱ्या ठेवून त्यांतलं अंतर वाढवत नेलं की तो ओढा होतो. विटांच्या २० सेंटिमीटर उंच ओट्यावरून खाली उडी मारताना गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला सांगायचं: ‘मांजरीवानी उतर.’ धप्पकन आवाज आला की गुडघे ताठ होते असं समजावं. बिल्लस याच कोपऱ्यातला खेळ, पण लहानांसाठी आठ घरांऐवजी चार घरं पुरतात, आणि घर ३५-४० सेंटिमीटरचं असावं.

तिसरा कोपरा नेमाचा. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा, वरून सुतळीनं घट्ट बांधलेला, १२ ते १५ सेंटिमीटरचा चेंडू सगळ्यांत चांगला. तो लागत नाही, उसळून नालीत जात नाही, हरवला तर दुसरा होतो. प्लॅस्टिकचा हलका चेंडू वाऱ्यानं वाकडा जातो, रबरी फार उसळतो. तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही झेलता येत नाहीत आणि ते तोंड फिरवायला शिकतं. टोपलं तीन वर्षांच्या मुलासाठी एक मीटरवर, पाच वर्षांच्यासाठी दोन-अडीच मीटरवर. दहातले सहा-सात नेम बसतील असं अंतर ठेवावं. सगळेच बसले तर कंटाळा, एकही बसला नाही तर रुसवा. आणि चेंडू मुलागणिक एक हवा, गटाला एक दिला की पुन्हा रांग लागते.

चौथा कोपरा ओढण्या-ढकलण्याचा. याची सवय विदर्भाला मुळातच आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी दोरीनं ओढत गावभर फिरणारं लेकरू खांदा, पाठ आणि पोटऱ्या एकदम कामाला लावतं. नंदी वर्षातून एक दिवस निघतो आणि मग फळीवर जातो, एवढीच तक्रार आहे. अंगणवाडीत वर्षभर तसं काही ओढायला हवं: पाट्याला दोरी बांधून त्यावर मातीची पिशवी, तिनाच्या मुलाला दोन किलो, पाचाच्या मुलाला चार. पिशवी उचलून न्यायची असेल तर अर्धा ते एक किलो पुरे. मोटारसायकलचा जुना टायर पाच वर्षांची मुलं हातानं पळवतात, लहानांना स्कूटीचा बेताचा होतो. टायर आणताना आतल्या कडेची तार बाहेर आलेली नाही ना ते बोट न लावता, कापड फिरवून बघावं. तार असेल तर कापड अडकतं. साबणानं धुवावा. खालच्या बाजूला पाच-सहा भोकं पाडावीत, नाहीतर पावसाचं पाणी साचून डास होतात. खेळून झालं की खुंटीला टांगावा. अर्धे जमिनीत पुरलेले रंगीत टायर फोटोत छान दिसतात, पण त्यांच्या पोकळीत विंचू आणि साप बसतात. पुरलेले असतीलच तर रोज सकाळी मुलं यायच्या आत काठी फिरवल्याशिवाय खेळ सुरू करू नये, किंवा पोकळी मुरमानं गच्च भरून टाकावी.

टायर कोणाच्या हातात असतो हेही बघावं. पाच मिनिटं नुसतं लक्ष ठेवलं तरी दिसतं की मुलगे पळवतात आणि मुली कडेला उभ्या असतात, एखादीच्या कडेवर धाकटा भाऊ. गट मुलामुलींचे मिसळूनच करावेत.

संगीत खुर्चीसारखे ‘बाद’ होण्याचे खेळ या वयात वर्ज्य करावेत, असं माझं ठाम मत आहे. जे मूल अडखळतं तेच आधी बाद होतं आणि कडेला बसून चपळ मुलांचा खेळ बघतं. सराव ज्याला सर्वांत जास्त हवा त्यालाच सर्वांत कमी. विषामृत चांगलं, कारण बसलेल्याला कोणीतरी येऊन उठवतं.

वेळेबद्दल. खेळ सहसा शेवटी ठेवतात: आधी प्रार्थना, गाणी, अंक, खिचडी, आणि वेळ उरला तर बाहेर. विदर्भात हे उलटं करायला हवं. उन्हामुळे आपल्या शाळासुद्धा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, मग अंगणवाडीचा खेळ ऐन उन्हात कशाला? फेब्रुवारीच्या मध्यापासून मुलं आली की पहिली ४० मिनिटं अंगणात आणि मग आत. पोटभर खिचडीनंतर पळवू नये. पावसाळ्यात अंगण चिखलाचं झालं तर छपरीत बेडूकउड्या, अस्वलचाल, खेकडाचाल चालते. खोलीत वीस मुलं एकदम पळवली तर डोकी आपटतात, पण चौघा-पाचांनी खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत अस्वलासारखं चार पायांवर जाऊन यायचं आणि बाकीच्यांनी बसून ठेका धरायचा, हे जमतं.

कुपोषणाचं काय? अशक्त लेकराला आणखी का थकवायचं, हा प्रश्न मेळघाटात आणि गडचिरोलीत आयाच विचारतात, आणि तो रास्त आहे. पण कमी खाल्लेलं शरीर आधी हालचाल कमी करून ताकद वाचवतं. जे मूल ‘फार शांत आहे हो, एका जागी बसून राहते’ म्हणून कौतुकाचं होतं, त्याचंच वजन आधी बघायला हवं. तीव्र कुपोषित मुलांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं जी दहा पायऱ्यांची पद्धत दिली आहे तिच्यात खेळातून चेतना आणि मायेचा आधार ही एक पायरीच आहे, आणि मूल सावरलं की शारीरिक हालचालही. अर्थात आधी आहार. पोट रिकामं ठेवून टायर पळवायला लावणं हा क्रूरपणा होईल.

सिकलसेलबद्दल, म्हणजे रक्ताच्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराबद्दल, जास्त काळजी हवी. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आणि मेळघाटात, हा आजार गावोगाव आहे. असं मूल खेळू शकतं, त्याला कोपऱ्यात बसवून ठेवायची गरज नाही. पण पाणी कमी पडलं, फार दमलं, अंगावर एकदम गार पाणी पडलं की दुखणं उसळू शकतं. म्हणून खेळाआधी आणि मधे पाणी, दहा मिनिटांनी सावलीत टेकणं, आणि शर्यतीत ‘अजून पळ’ असा आग्रह नको. हात-पाय-पोट दुखतं म्हणालं किंवा ताप आला तर थांबवून आरोग्य उपकेंद्रात. सेविकेला मुलाचा आजार माहीत असावा. गावभर चर्चा नको.

खेळाच्या वेळी सेविका जे पाहते ते डॉक्टरला पाच मिनिटांत दिसत नाही. आधाराशिवाय चालणं मुलांना साधारण आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही येतं; जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून काढलेला हा पट्टा आहे. म्हणजे अकराव्या महिन्यात शेजारणीचं चाललं आणि आपलं नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. अठरा महिने झाले आणि तरी चालत नसेल तर मात्र ‘त्याचे मामा पण उशिराच चालले होते’ म्हणत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवावं. पथक लांब असेल तर थेट जिल्हा रुग्णालय. वॉकर मात्र कोणी बारशाला आणला तर माळ्यावर टाकावा. त्यानं मूल लवकर चालत नाही, उंबऱ्यावरून उलटतं, चुलीपर्यंत पोचतं. कॅनडानं २००४ मध्येच वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. कापूस वेचणीच्या दिवसांत झाडाला बांधलेली झोळी आईची गरज आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही; पण तासाभरानं बाळाला वाकळीवर पालथं टाकायचं तेवढं जमवावं.

आईबापांचा खरा आक्षेप वेगळा असतो: अंगणवाडीत नुसतं खेळवतात, कॉन्व्हेंटमध्ये केजीतच ए-बी-सी-डी लिहितात. त्यांना वाद घालून पटत नाही, दाखवून पटतं. पाटीवर लिहिताना जे मूल छातीनं पाटीवर रेलतं, डोकं एका हातावर टेकवतं, दोन ओळींत ‘हात दुखला’ म्हणतं, त्याची बोटं बिघडलेली नसतात. पाठ आणि खांदा थकलेला असतो. खांदा स्थिर राहिला तरच बोटं बारीक काम करतात. ओढणं, लटकणं, चार पायांवर चालणं हे त्या खांद्याचं काम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळावर आधारलेला असावा असं म्हटलं, त्याला धरून २०२२ चा अभ्यासक्रम आराखडा आला, अंगणवाडीसाठी २०२४ मध्ये ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. कागद भरपूर झाले. सेविकेला आणखी एक रजिस्टर देऊ नये, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर भरता भरता तिची बोटं आधीच थकलेली असतात.

राहता राहिला ‘पडलं तर जबाबदार कोण?’ हा सवाल. सेविकेची ही भीती खरी आहे, आणि ती ‘मुलं पडतच असतात’ म्हणून उडवून लावणं सोपं असलं तरी बरोबर नाही. तिच्या बाजूनं पंचायतीनं चार गोष्टी कराव्यात. कुंपण आणि मुलांना आतून न उघडणारी कडी. गवत कापलेलं, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा ढीग अंगणाला लागून नको. ६० सेंटिमीटरपेक्षा उंच चढायची कोणतीही वस्तू वाळूशिवाय नको. आणि लोखंडी पाटाचा झोपाळा नकोच. वीस मुलांमागे दोन बायका असताना मागून येणाऱ्या पाटाला कोणी आवरू शकत नाही.

पैसा नाही हे कारण टिकत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना ५ टक्के अबंध निधी वेगळा येतो. वर सांगितलेल्या सामानात विकत घ्यावी लागेल अशी मोठी वस्तू म्हणजे वाळू. ती हल्ली सोन्याच्या भावानं आणि रात्रीच मिळते, हे जरा अवघड आहे खरं.

जिथं गट्टू बसून गेलेत तिथं सगळे उखडायची गरज नाही. वळचणीचं पाणी पडत नाही अशा उंच बाजूला, दुपारी सावली येईल तिथं, तीन बाय चार मीटरचे काढावेत. २० बाय १० सेंटिमीटरचे असतील तर साधारण सहाशे निघतील. खाली ४० सेंटिमीटर खणायचं, एका बाजूनं पाणी जायला चर ठेवायचा. तळाला १० सेंटिमीटर गिट्टी, त्यावर जुनी शेडनेट, म्हणजे वाळू खाली उतरत नाही, आणि वर ३० सेंटिमीटर वाळू. साडेतीन घनमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वा ब्रास. काळ्या मातीच्या भिंती पहिल्याच पावसात ढासळतात, म्हणून निघालेलेच गट्टू आतून उभे लावायचे, वरची कड जमिनीला समतल. रात्री जाळी टाकायची, कुत्री-मांजरी घाण करतात. सकाळी दाताळं फिरवायचं. काच, काटा, सराटा वर येतो आणि दबलेली वाळू मोकळी होते, कारण घट्ट बसलेली वाळू गट्टूइतकीच लागते. कडेला लावून तीनशेहून अधिक गट्टू उरतील. त्यांतल्या आठ-दहांवर तोलाची फळी बसते.